बनारसचं आकाश, कलकत्त्याच्या स्टुडिओत

पावसाची धास्ती पडली आणि बेत फिरला. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'मधलं (1956) हरिहर-सर्वजया या जोडप्याचं बनारसचं घर उघड्यावर सेट बांधून चित्रित करायचं, असं ठरलं होतं. पावसाळा तोंडावर येताच कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ते घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारायचं ठरवलं. छायालेखक सुब्रत मित्र अडून बसले. वय जेमतेम पंचवीस.

त्यांची हरकत उजेडाची होती. बनारसच्या तशा घरात प्रकाश उघड्या चौकातून येतो. आपल्या जुन्या वाड्यात येतो तसा, वरून, सगळीकडून, सावली न पाडता. स्टुडिओतला दिवा एकाच दिशेने झोत टाकतो. माणसामागे भिंतीवर काळी सावली उमटते. ती बुजवायला दुसरा दिवा लावावा, तर दुसरी सावली तयार! अख्खं आकाश आणायचं कुठून? राय आणि बन्सी चंद्रगुप्त, दोघांनाही हे पटलं नाही. सेट उभा राहिला.

आता हट्ट उपयोगाचा नव्हता. सुब्रतबाबूंनी पांढरं कापड चौकटीत ताणून सेटच्या चौकावर आकाशासारखं बसवलं. मग त्यांनी दिव्यांची तोंडं नटांकडून वळवून खालून थेट त्या कापडाकडे केली. कापडावर आदळून उजेड विखुरला आणि खाली उतरला तो मऊ होऊन. कापड बराच प्रकाश गिळतं, म्हणजे हा खर्चाचा मामला. पण भिंतीवरच्या सावल्या गेल्या.

ही नजर आली कुठून? फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार 'द रिव्हर' या चित्रपटासाठी बंगालमध्ये आले, तेव्हा सुब्रतबाबूंना कॅमेरा विभागात काम मिळालं नाही. मग ते नुसते बघत उभे राहिले, प्रकाशयोजनेच्या नोंदी आणि रेखाटनं करत राहिले. त्यापूर्वी चित्रपटाचा कॅमेरा कधीच न चालवलेल्या या पोराकडे रायांनी आपल्या पहिल्या चित्रपटाचं, 'पथेर पांचाली'चं, छायालेखन सोपवलं. आजच्या निर्मात्याला असला जुगार झेपेल, असं मला वाटत नाही.

'अपराजितो'ला 1957 मध्ये व्हेनिस महोत्सवाचा सुवर्णसिंह मिळाला. तरी अशा परावर्तित उजेडाचं नाव निघालं की जग स्वीडनचे छायालेखक स्वेन नायक्विस्ट यांच्याकडे बोट दाखवतं. त्यासाठी सांगितला जाणारा दिग्दर्शक बर्गमनचा 'थ्रू अ ग्लास डार्कली' आहे 1961 चा. 'अपराजितो' त्याच्या पाच वर्षं आधीचा.