नऊ खुणा, एक पेटी आणि ‘मला जागा कळलीय’ म्हणणारे हजारो लोक

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित अवतार. बसमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी, आणि दीडपट स्पीडवरही ज्यांना माझी बडबड संपत नाही असं वाटतं त्यांच्यासाठी. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ काढून टाकलेत, बाकी भाषा आहे तीच ठेवलीय.

आजचा विषय गुप्तधन. पण मांत्रिक आणि काळी बाहुलीवालं नाही. हे गुप्तधन एका माणसाने स्वतःच्या हाताने लपवलं, मग पुस्तक छापून सगळ्या जगाला सांगितलं की या, शोधा. ते शोधायला लाखो लोक गेले आणि त्यातले पाच जण मेले. मला पेटीपेक्षा या शोधणाऱ्यांच्या डोक्यात काय चालतं त्यात जास्त रस आहे. कारण यातले बरेच जण हुशार होते, शिकलेले होते, आणि त्यातल्या बहुतेकांना मनापासून वाटत होतं की आपण कोडं सोडवलंय.

आधी गोष्ट थोडक्यात. फॉरेस्ट फेन हा अमेरिकन एअरफोर्सचा माजी फायटर पायलट. व्हिएतनाम युद्धात शेकडो मोहिमा केल्या, दोनदा विमान पडलं, तरी वाचला. नंतर न्यू मेक्सिकोमधल्या सँटा फे शहरात आर्ट गॅलरी काढून बक्कळ पैसा केला. १९८८ मध्ये त्याला किडनीचा कॅन्सर झाला. वाचायची शक्यता कमी होती. तेव्हा त्याने ठरवलं की एक पेटी सोन्याने भरायची, आपल्या आवडत्या जागी न्यायची आणि तिच्याशेजारीच मरायचं. पण हा गडी बरा झाला! पेटीची आयडिया मात्र डोक्यात राहिली. वयाच्या ऐंशीच्या आसपास त्याने ती खरोखर नेऊन लपवली आणि २०१० मध्ये ‘द थ्रिल ऑफ द चेस’ हे आत्मचरित्र स्वतःच छापलं. त्यात २४ ओळींची एक कविता आहे, आणि त्या कवितेत नऊ खुणा आहेत असं त्याने सांगितलं.

पेटी ब्राँझची, दहा बाय दहा बाय पाच इंच. म्हणजे आपल्या मिक्सरच्या खोक्यापेक्षाही लहान. आत सोन्याची नाणी, सोन्याचे गोळे, जुने दागिने, जेडचे कोरलेले चेहरे. पेटीसकट वजन ४२ पौंड, म्हणजे साधारण १९ किलो. एवढं ओझं ऐंशीच्या माणसाला एका खेपेत झेपणार नाही, म्हणून गाडीपासून दोन खेपा केल्या, असं तो सांगायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मैदान केवढं? सँटा फेच्या उत्तरेला, रॉकी पर्वतांत, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो, वायोमिंग आणि मोंटाना या चार राज्यांत कुठेही. उंची समुद्रसपाटीपासून ५,००० फुटांच्या वर आणि १०,२०० फुटांच्या खाली. या मर्यादा फेनने नंतर हळूहळू सांगितल्या, आणि तेही मजा घेत घेत. एकदा म्हणाला, पेटी ओहायोमधल्या टोलेडोच्या पश्चिमेला ३०० मैलांपेक्षा लांब आहे. मुंबईतली हरवलेली किल्ली शोधताना कुणी ‘ती चंद्रावर नाहीये’ अशी हिंट द्यावी, त्यातला हा प्रकार.

कविता मी इथे देत नाही, पण खुणांचा बाज सांगतो. सुरुवात अशा जागेपासून करायची जिथे कोमट पाणी थबकतं. तिथून एका दरीत उतरायचं. मग ‘ब्राऊन’च्या घराच्या खालच्या अंगाला शिरायचं, आणि शेवटी कसलीतरी ठळक निशाणी दिसली की तिच्या पायाशी बघायचं. बास. गावाचं, नदीचं, रस्त्याचं, एकाचंही नाव नाही.

मग लोकांनी काय काय अर्थ लावले? कोमट पाणी म्हणजे गरम पाण्याचा झरा, जो थंड नदीला मिळतो तिथे ‘थबकतो’. कुणी म्हणालं, नाही, मासेमारीच्या सरकारी नियमांत थंड पाण्याचे आणि कोमट पाण्याचे मासे वेगळे धरतात, ती हद्द जिथे संपते ती जागा. कुणी धरणाकडे बोट दाखवलं, इतक्या जणांनी की शेवटी फेनलाच सांगावं लागलं, धरणाचा संबंध नाही. ‘ब्राऊन’ तर विचारूच नका. ब्राऊन ट्राऊट हा मासा आहे, मग त्याचं घर म्हणजे नदीतला डोह. कोलोरॅडोत ब्राऊन्स कॅनियन आहे. राज्यांच्या सीमेवर ब्राऊन्स पार्क नावाचं खोरं आहे. टायटॅनिकमधून वाचलेली मॉली ब्राऊन एके काळी कोलोरॅडोतल्या लेडव्हिलला राहायची, तिचंही घर आहे. प्रत्येक अर्थ एकेकटा ऐकला तर पटतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

जरा हिशोब करू. समजा प्रत्येक खुणेचे दहाच बऱ्यापैकी अर्थ निघतात. खुणा नऊ. तर एकूण जोडण्या होतात दहाचा नववा घात, म्हणजे १०० कोटी. आता तुम्ही नकाशा उघडलात आणि एक खोरं निवडलंत. तिथे गरम झरा आहे, ठीक. जवळ ब्राऊन आडनावाचं जुनं शेत सापडलं, वा! एक पांढरा खडक दिसला, अरे ही तर निशाणी! नऊपैकी आठ जुळल्या. डोकं म्हणतं, एवढ्या गोष्टी योगायोगाने जुळतील का? तर हो, जुळतील. कारण प्रत्येक खुणेला दहा अर्थांपैकी तुमच्या खोऱ्यात बसणारा अर्थ तुम्हीच निवडलात. दुसऱ्याने दोनशे किलोमीटरवरचं खोरं घेतलं असतं तर त्याच्याही आठ जुळल्या असत्या, आणि तोही तुमच्याइतकाच खात्रीने बोलला असता.

मशीन लर्निंगवाले याला ओव्हरफिटिंग म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची उत्तरं घोकून पाठ केलेला मुलगा. जुने पेपर दिले तर शंभरपैकी शंभर, नवा प्रश्न आला की भोपळा. त्याला विषय कळलाय की नुसतं पाठ आहे, हे तपासायचं तर त्याने न पाहिलेला पेपर द्यावा लागतो. खजिना शोधणाऱ्यांकडे असा न पाहिलेला पेपर नव्हताच. सगळ्या खुणा त्यांनी अर्थ लावण्यातच खर्च करून टाकलेल्या.

चांगल्या कोड्यात ही सोय कोडं बनवणाराच करून ठेवतो. आपल्या आधार नंबरचं बघा. १२ आकड्यांपैकी शेवटचा आकडा आधीच्या ११ वरून गणित करून काढलेला असतो. टाइप करताना एखादा आकडा चुकला तर गणित जुळत नाही आणि चूक जागच्या जागी कळते. याला चेकसम म्हणतात. १९७९ मध्ये किट विल्यम्स या इंग्लिश चित्रकाराने ‘मास्करेड’ नावाचं चित्रांचं पुस्तक काढलं आणि सोन्याचा एक ससा इंग्लंडमध्ये पुरून ठेवला. त्याच्या चित्रांत पात्रांच्या डोळ्यांतून बोटांच्या टोकांवरून रेषा काढायची, ती चौकटीवरच्या एकेका अक्षरावर जाऊन थांबते. अक्षरांचे शब्द होतात, आणि ते शब्द व त्यांचे गट ओळीने मांडून पहिली अक्षरं वाचली की पुन्हा जागेचा पत्ता निघतो, अँप्टहिल. हे चुकून जुळणं जवळपास अशक्य. बरोबर आलं की घरबसल्या कळतं, बरोबर आलं. (तो ससा १९८२ मध्ये ज्याला मिळाला त्याने कोडं सोडवलंच नव्हतं. चित्रकाराच्या जुन्या मैत्रिणीकडून जागेचा सुगावा लागला होता, हे १९८८ मध्ये बाहेर आलं. तो वेगळा तमाशा.)

फेनच्या कवितेत चेकसम नव्हता. तुमचं उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासायची एकच पद्धत, ती म्हणजे तिथे जायचं. जाऊन पेटी नाही मिळाली, तरी उत्तर चूक ठरत नव्हतं! कदाचित पुढच्या वळणावर असेल. कदाचित पलीकडच्या काठावर. पेटी दहा इंचांची, जंगल अफाट. त्यात फेन म्हणाला की काही जण पेटीपासून २०० फुटांवर येऊन गेलेत, पहिल्या दोन खुणा बरोबर ओळखून तसेच पुढे निघून गेलेत. त्याला ढिगाने ई-मेल यायचे, त्यावरून त्याला हे कळायचं. पण ते वाक्य ऐकून प्रत्येकालाच वाटलं, तो मीच.

आता त्या पाच जणांकडे येऊ. २०१६ च्या जानेवारीत एक माणूस रिओ ग्रांदे नदीत छोटी राफ्ट आणि आपला कुत्रा घेऊन उतरला. भर हिवाळा. कुत्रा जिवंत सापडला, माणसाचे अवशेष त्या जुलैत मिळाले. २०१७ च्या जूनमध्ये तीन जण गेले. एक पाद्री त्याच रिओ ग्रांदेजवळ, एक यलोस्टोनमध्ये शेकडो फूट उंचावरून पडून, आणि एक कोलोरॅडोत अर्कान्सा नदीत. वर ज्या ब्राऊन्स कॅनियनचं नाव घेतलं, ती याच नदीवर आहे. २०२० च्या मार्चमध्ये दोघे जण डायनोसॉर नॅशनल मॉन्युमेंट भागात स्नोमोबाइल घेऊन बर्फात गेले, त्यातला एक मेला. याच दोघांना महिनाभर आधी त्याच भागातून रेस्क्यू टीमने सोडवून आणलं होतं. सुटले, घरी आले आणि परत गेले.

पेटी ठेवणारा माणूस ऐंशीचा होता, गाडीपासून दोन खेपा करून एका दुपारीत परत आला होता. तो अक्षरशः सांगत होता की जिथे म्हातारा माणूस जाऊ शकणार नाही तिथे जाऊ नका. गोठलेली नदी किंवा उभा कडा या एका वाक्याने यादीतून बाद व्हायला हवा. पण आठ खुणा जुळल्यावर नवव्याने नाही म्हटलं, तर आपण नवव्यालाच वाकवतो. ‘तेव्हा पाणी कमी असेल’, ‘दुसऱ्या बाजूने रस्ता असेल’. उत्तर आधी पक्कं झालेलं असतं, पुरावा मागून त्याच्या मापाने शिवून घेतात.

फेनला दोष द्यायचा का? २०१७ मध्ये न्यू मेक्सिकोच्या पोलिसप्रमुखांनी त्याला जाहीरपणे सांगितलं की हे थांबवा. त्याने शोध थांबवला नाही, पण काही गोष्टी स्पष्ट केल्या: पेटी पाण्याखाली नाही, रिओ ग्रांदेच्या जवळ नाही, मोठे दगड हलवायला किंवा कड्यावर चढायला लागत नाही. माझं मत विचाराल तर हे सगळं त्याने पहिल्याच पुस्तकात एका पानावर लिहायला हवं होतं. कोड्याची मजा काडीने कमी झाली नसती. हिवाळ्यात गेलेला तो पहिला माणूस याच रिओ ग्रांदेत उतरला होता, आणि ही ओळ त्यानंतर दीड वर्षाने आली.

आणि मग ६ जून २०२० ला फेनने जाहीर केलं, पेटी सापडली. नंतर सांगितलं, वायोमिंगमध्ये. सप्टेंबरमध्ये तो नव्वदाव्या वर्षी वारला. शोधणारा होता जॅक स्टूफ, वय ३२, मेडिकलचा विद्यार्थी. त्याची पद्धत मला सगळ्यात आवडली. त्याने गुप्त लिपी, आकडे, अक्षांश-रेखांश यांच्या वाटेला जाण्याऐवजी फेनची पुस्तकं आणि मुलाखती पुन्हा पुन्हा वाचल्या-ऐकल्या आणि साधा प्रश्न विचारला: हा माणूस मरायला कुठे गेला असता? म्हणजे कवितेच्या बाहेरचा पुरावा आणला. आपल्या भाषेत, न पाहिलेला पेपर! त्यातून जी जागा निघाली तिच्यावर कविता ताडून पाहिली. त्यानंतरही त्या एका भागात त्याला २५ दिवस शोधावं लागलं, कारण शेवटची निशाणी दरम्यानच्या काळात निसर्गानेच खराब केली होती. तो मध्येच हरला असता तर त्यालाही आपण ‘खात्री वाटणारा अजून एक’ म्हणून मोजलं असतं, हेही खरं.

जागा स्टूफने सांगितली नाही. लोक लोंढ्याने येऊन तिची वाट लावतील, असं त्याचं म्हणणं. पण खुणा जुळवणारे अजून थांबलेले नाहीत. शिकागोच्या एका वकील बाईंनी तर कोर्टात दावा लावला की कोडं मी सोडवलं होतं, माझं उत्तर चोरलं गेलं. पेटीतला ऐवज २०२२ च्या डिसेंबरमध्ये लिलावात गेला, ४७६ वस्तू, एकूण साधारण १३ लाख डॉलर. त्यात मेणाने सील केलेली काचेची एक बरणी होती, आत बारीक अक्षरांत छापलेलं फेनचं २०,००० शब्दांचं आत्मचरित्र. ती न उघडलेली बरणी एकाने ४८,००० डॉलरला घेतली.

पुढच्या भागात त्या सोन्याच्या सशाची अख्खी भानगड सांगतो. भेटू, तोवर फोन चार्ज करून ठेवा.