गडगा, वई आणि बेडे

गोव्यातील डिचोली तालुक्यातील सुर्ला (चोर्ला घाटाकडचे सत्तरीतील सुर्ला निराळे) छायाचित्रकारांस ठाऊक असते ते खाणींमुळे, नाही तर सुर्ला-तार येथील जुनी मशीद आणि तिची तळी यांमुळे. परंतु ज्याला एकाच विषयाचे बारमाही चित्रण करावयाचे आहे, त्याने या टापूतील कुंपणांकडे वळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विषय क्षुल्लक खचित नव्हे. ही कला बाल्यावस्थेत असताना, १८४४ साली, फॉक्स टॅल्बटने अर्धवट उघड्या दाराशी टेकलेला खराटा टिपला, आणि १९१६ साली पॉल स्ट्रँडने न्यूयॉर्क राज्यातील पोर्ट केंट येथील पांढऱ्या कुंपणाच्या ओबडधोबड फळ्यांतून आधुनिक छायाचित्रणाचे एक प्रमाणच सिद्ध केले.

स्ट्रँडचे कुंपण फळ्यांचे. आमच्याकडचे ऋतुमानाप्रमाणे रूप पालटते. चिऱ्यांचा बिनचुन्याचा गडगा तेवढा पिढीजात. वई मात्र दरसालची. सरद भात कापून झाले की गुरे मोकळी सुटतात, आणि ज्याला वायंगण म्हणजे उन्हाळी भात किंवा मिरची करावयाची असेल, त्याला दिवाळीच्या सुमारास बांबू, काटेरी फांद्या आणि पांगाऱ्याचे वा मोगली एरंडाचे खुंट जमवून वई घालणे प्राप्त होते. तिच्यातील वाट म्हणजे बेडे: दोन खांब, त्यांना समोरासमोर भोके आणि त्यांत सरकविलेले आडवे बांबू. वरचे दोन सरकवून माणूस पलीकडे जातो. गुराला ती युक्ती साधत नाही. कॅमेरा हातभर अंतरावर नेला, तर भोकांच्या कडा घर्षणाने गुळगुळीत झालेल्या आणि खालचा बांबू पायांनी मधोमध झिजलेला दिसतो. त्या गावची वहिवाट कोणत्याही दस्तऐवजाहून तेथे स्पष्ट वाचता येते.

पावसाळ्यात सारेच छायाचित्रे काढतात, आणि माझ्या मते तेथेच फसतात. पांढरेफटक आभाळ चौकटीत आले की प्रकाशमापक चकतो आणि ओला चिरा काळा ठिक्कर उतरतो. आभाळ वगळून, पोलरायझरने पानांवरची चकाकी मारली, तरी हिरवाईत कुंपण असे दिसतच नाही. मार्गशीर्ष-पौषातील तिरपे ऊन हेच खरे; जांभ्याचे छिद्रन् छिद्र त्यात उमटते. फाल्गुनात निष्पर्ण पांगारे लाल फुलतात. खनिजाची वाहतूक चालते त्या रस्त्यांच्या कडेला पानांवर तांबडी धूळ बसते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर खाणी थांबल्या, तेव्हा धुळीचा हा ऋतुक्रमही खंडित झाला. मेच्या आरंभी मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि खांबाला सावलीच उरत नाही. तेव्हा खुशाल झाडाखाली बसावे.

बेड्यासमोर तिपाई मांडली की "तुमी सर्वेक आयल्यात?" (मोजणीला आलात का?) हा प्रश्न ठरलेला. तो रास्तही आहे. कारण जमिनीच्या सरकारी नोंदीची, एक-चौदाच्या उताऱ्यावरची हद्द आणि वईची रेघ जुळतेच असे नाही, आणि हातभर जमिनीचा कज्जा मामलेदाराच्या कचेरीपर्यंत सहज पोहोचतो. यास्तव मालकाची अनुज्ञा आधी घ्यावी, एक प्रत त्याला द्यावी, छायाचित्राच्या पाठीवर दिनांक अवश्य लिहावा. जमीन कोणाची, हे मात्र लिहू नये.