वणवा, मृदा आणि पाणी

वणवा विझला की वनाची हानी थांबते आणि हिरवळ परतली की ती भरून निघते, असा सर्वसाधारण समज आहे. पाणलोट क्षेत्रापुरते पाहता या समजाचे दोन्ही भाग अपुरे ठरतात.

वनभूमीवरील पालापाचोळा पावसाच्या थेंबांचा आघात सोसतो आणि पाणी सावकाश मुरू देतो. वणव्यात हे आच्छादन नष्ट होते. शिवाय त्यातील मेणासारख्या द्रव्यांची वाफ होऊन तिचा काही अंश खालच्या थंड मृदाकणांवर साकळतो व पाणी मुरू न देणारा थर निर्माण होतो. मृदेचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्यास हा गुण तीव्र होतो. ३०० अंशांच्या पुढे तो बहुधा नाहीसा होतो. जेथे असा थर टिकतो तेथे पाणी राख व माती घेऊन उतारावरून वाहू लागते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बफेलो क्रीक येथे मे १९९६ मध्ये वणवा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये झालेल्या मुसळधार पावसाने जळलेल्या उतारांवरील गाळ डेन्व्हर शहरास पाणी पुरविणाऱ्या स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्ज जलाशयात आणून टाकला.

तृण व झुडपे वाढू लागली की ही धूप काही वर्षांत मंदावते. दुसरा परिणाम मात्र या पुनरुद्भवातूनच उत्पन्न होतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात जानेवारी १९३९ मध्ये लागलेल्या वणव्यांत मेलबर्नच्या पाणलोट क्षेत्रांतील माउंटन ॲश वृक्षांची विस्तीर्ण वने जळाली. युकॅलिप्टस प्रजातीतील हा उत्तुंग वृक्ष तीव्र आगीत मरतो व केवळ बियांपासून पुन्हा उगवतो. अशा दाट, तरुण वनाचे बाष्पोत्सर्जन वृद्ध वनापेक्षा पुष्कळ अधिक असल्याने ओढ्यांचे पाणी घटत जाते. जॉर्ज कुचेरा यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनानुसार ही घट दोन-तीन दशकांनी जवळजवळ निम्म्यापर्यंत पोहोचते. पूर्वस्थिती येण्यास शतकाहून अधिक काळ लागतो. बी धरण्यास या वृक्षांना सुमारे २० वर्षे लागतात. तत्पूर्वी दुसरा वणवा लागल्यास वनाचे स्वरूपच पालटते.

बुंध्यापासून पुन्हा फुटणाऱ्या वृक्षांच्या वनांस हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तथापि, जळलेल्या पाणलोटाचा हिशेब मांडताना गाळाइतकेच वनाचे वयही विचारात घेणे अवश्य आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.