उजवीकडून डावीकडे (भाग ९) : हिस्टोरियाच्या मुलाचा बाप कोण?

मागच्या भागात आपण ‘शोनेन जंप’ या जपानी चित्रकथांच्या (मांगा) साप्ताहिकाच्या मतपत्रिका पाहिल्या. वाचकांनी भरून धाडलेल्या पोस्टकार्डांवर एखादी मालिका तगते, नाहीतर चार-सहा महिन्यांत गुंडाळली जाते. त्याच वाचकाचा आणखी एक उद्योग आहे आणि त्याला संपादकाची परवानगी लागत नाही. पुढचं प्रकरण हातात पडेपर्यंत पात्रांच्या मनात काय चाललंय, कोणाचं कोणाशी काय नातं आहे, हे परस्पर ठरवून टाकायचं आणि मग त्यावर हिरिरीने भांडायचं. त्याला सगळीकडे ‘फॅन थिअरी’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

उदाहरण म्हणून एकच मालिका घेतो. हाजिमे इसायामा यांची ‘शिंगेकी नो क्योजिन’, म्हणजे आपल्याकडची मुलं जिला ‘अटॅक ऑन टायटन’ म्हणतात ती. ज्यांना ती अजून वाचायची आहे त्यांनी हा भाग बाजूला ठेवावा, कारण शेवटापर्यंतचं सगळं इथे उघड होणार आहे.

कोदान्शाच्या ‘बेस्सात्सु शोनेन मॅगझिन’मध्ये ती सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये संपली. एकूण १३९ प्रकरणं, ३४ खंड. हे नियतकालिक मासिक आहे, साप्ताहिक नव्हे, आणि थिअरीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. आठवड्याला वीसेक पानं वाचणारा वाचक धावत असतो. महिन्याला एकच प्रकरण मिळणारा वाचक तीच पानं पुन्हापुन्हा चाळतो, कोपऱ्यातल्या चौकटीत कोण कुठे बघतंय ते तपासतो. असा वाचक मिळाल्यावर लेखक गप्प बसेल कसा? इसायामा यांनी सुरुवातीपासून कोपऱ्यांत सामान पेरून ठेवलं.

कथा थोडक्यात अशी. नरभक्षक महाकायांपासून वाचण्यासाठी माणसं तीन प्रचंड तटबंद्यांच्या आत राहतात. तट फुटतो, एरेन येगर या मुलाच्या डोळ्यांदेखत त्याची आई खाल्ली जाते आणि तो सूडाची शपथ घेऊन सैन्यात भरती होतो. सोबत त्याच्या घरात वाढलेली मिकासा आणि मित्र आर्मिन. पुढे कळतं, की काही महाकाय म्हणजे रूप बदलणारी माणसंच आहेत आणि त्यांतली काही एरेनच्याच तुकडीत वावरताहेत.

पहिल्या काही वर्षांतल्या थिअऱ्या ‘कोण?’ या प्रश्नाच्या होत्या. तट फोडणारा चिलखती महाकाय कोण? जाणकार वाचकांचा संशय एरेनच्या तुकडीतल्या रायनरवर होता आणि त्याला पुरावाही होता. एका मोहिमेत स्त्री-महाकाय रायनरला मुठीत पकडते, तो मूठ चिरून निसटतो. त्यानंतर ती आपल्या तळव्याकडे बघते आणि एकदम दिशा बदलून एरेन होता त्या बाजूला पळत सुटते. थोडं आधी एरेन कुठे आहे हे रायनरनेच विचारून घेतलेलं असतं. म्हणजे त्याने तळव्यावर निरोप कोरला, असा वाचकांचा निष्कर्ष. तो बरोबर निघाला. ४२व्या प्रकरणात रायनर स्वतःच कबुली देतो, तीही इतक्या सहज, बाकीचे भलतंच काहीतरी बोलत असताना, की घाईने वाचणाऱ्याला चौकट दोनदा बघावी लागते. माझ्या मते इसायामा यांनी रचलेलं हे सर्वांत देखणं पान आहे.

‘कोण?’च्या थिअरीचं एक सुख असतं: एका चौकटीत निकाल लागतो, कोणीतरी जिंकतं, कोणीतरी हरतं. ‘का?’च्या थिअरीला हे सुख नाही आणि इसायामा यांनी वाचकांना मध्यावरून सरळ तिकडे ढकललं.

हे त्यांनी कसं केलं ते बघण्यासारखं आहे. ९०व्या प्रकरणापर्यंत आपण एरेनच्या डोक्यात असतो. त्याचा राग, भीती, स्वतःविषयीची शंका, सगळं विचारांच्या फुग्यांत वाचतो. त्या प्रकरणाच्या शेवटी मंडळी पहिल्यांदा समुद्र बघतात. पुढचं प्रकरण उघडतं ते काही वर्षांनंतर, समुद्रापलीकडे, शत्रूच्या देशात. कथा सांगणारे डोळे आता रायनरचे आणि गाबी, फाल्को या लहानग्यांचे. एरेन येतो तो एक पाय गमावलेला, दाढी वाढलेला जखमी सैनिक म्हणून, खोट्या नावाने. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांच्या अंकांमध्ये आपल्याला तो फक्त बाहेरून दिसतो. तो बोलतो, मारतो, मित्रांना तोडून टाकतो, पण त्याच्या मनाचा दरवाजा बंद. ज्या पात्राला वाचक सात-आठ वर्षं आतून ओळखत होते, त्याच्याच दाराबाहेर त्यांना उभं केलं. मग थिअऱ्यांचं पीक येणारच.

११२व्या प्रकरणातलं टेबल घ्या. एरेन, आर्मिन आणि मिकासा समोरासमोर बसलेत. एरेन मिकासाला सांगतो, की तुझं माझ्यावरचं प्रेम तुझं नाहीच, तुझ्या अकरमन वंशाच्या रक्तातच धन्याची गुलामी आहे आणि मला अशा माणसांचा लहानपणापासून तिटकारा आहे. ती सुन्न होते, आर्मिन त्याच्या अंगावर जातो आणि मार खातो. लगेच वाचकांचे दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, एरेन खरोखर बदलला. दुसरी बाजू म्हणते, तो मुद्दाम खोटं बोलतोय, आपल्या मरणाचं दुःख त्यांना कमी व्हावं म्हणून. मराठी नाटकं-सिनेमे बघून वाढलेल्याला दुसरी थिअरी चटकन पटते. आपल्याकडे किती नायकांनी नायिकेच्या भल्यासाठी तिला झिडकारलंय! १३०व्या प्रकरणात हीच बाजू बरोबर ठरली. एरेनचा सावत्र भाऊ झीक त्याला सांगतो, की असली काही वंशाची गुलामी ऐकिवात नाही, ती पोरगी तुझ्यावर जीव टाकते, इतकंच. आणि एरेनला ते आधीपासून ठाऊक असल्यासारखं दिसतं.

आता शीर्षकातला प्रश्न. हिस्टोरिया ही तटबंद्यांच्या आतल्या राज्याची तरुण राणी. तिच्या राजरक्तामुळे तिने महाकाय व्हावं, तेरा वर्षांत मरावं आणि त्याआधी शक्य तितकी मुलं जन्माला घालावीत, असा एक भयंकर बेत शिजतो. १०७व्या प्रकरणात ती गरोदर असल्याचं कळतं, म्हणजे निदान काही महिने बेत लांबणीवर. मुलाचा बाप कोण, तर तिच्या शेतावर काम करणारा एक माणूस, जो लहानपणी तिला दगड मारायचा. त्याला नाव नाही, चेहराही नीट दाखवलेला नाही.

बिनचेहऱ्याचा बाप! वाचकांना आणखी काय हवं? हा एरेनच, असं सांगणारी थिअरी उभी राहिली आणि तिच्यामागे खरोखर मेहनत होती. कोण कुठल्या महिन्यात कुठे होतं याचे हिशेब मांडले गेले. ९०व्या प्रकरणात पदकं देताना रिवाजाप्रमाणे सगळे राणीच्या हाताचं चुंबन घेतात, तेव्हा एरेनचे डोळे एकदम विस्फारतात. हा प्रेमाचा क्षण म्हणून वाचला गेला. (त्या स्पर्शाने त्याला पुढे घडणाऱ्या गोष्टी दिसल्या होत्या, हे १२१व्या प्रकरणात उलगडलं.) १३०व्या प्रकरणात तर एरेन जगाचा संहार करण्याचा आपला बेत हिस्टोरियाला सांगतो आणि ती त्याला विचारते, मला मूल झालं तर कसं? चौकट तिथेच संपते.

या सगळ्यावर शिक्कामोर्तब करणारी गोष्ट मात्र मालिकेबाहेर घडली. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘जोनेत्सु ताइरिकु’ या जपानी दूरचित्रवाणीवरच्या माहितीपटात इसायामा यांनी मालिकेच्या शेवटच्या चौकटीचं कच्चं चित्र दाखवलं: कोणीतरी तान्ह्या बाळाला उचलून धरलंय आणि तू मोकळा आहेस असं सांगतंय. झालं. बाळ हिस्टोरियाचं, हात एरेनचे, असं मानणाऱ्यांना पुढची अडीच वर्षं ही शिदोरी पुरली.

मालिका त्या चित्रावर संपलीच नाही. १३९व्या प्रकरणात हिस्टोरिया तीन वर्षांच्या लेकीबरोबर दिसते, शेजारी तोच शेतकरी नवरा, आता चेहऱ्यासकट. इतक्या नेटाने रचलेली आणि इतकी साफ चुकलेली थिअरी दुसरी मला आठवत नाही.

ती का रचली गेली, हे मला तिच्या खरेखोटेपणापेक्षा महत्त्वाचं वाटतं. वरवर हा नात्याचा प्रश्न दिसतो, बाप कोण एवढाच. आत मात्र हेतूचा प्रश्न दडलेला आहे. सहृदय, तापट, आईवेडा एरेन साऱ्या जगाला पायदळी तुडवायला निघतो. हे का? मित्रांसाठी, देशासाठी ही उत्तरं कथेत होती, पण अनेकांना ती अपुरी वाटत होती. त्याला स्वतःचं मूल असेल तर हिशेब जुळतो. बापाने लेकरासाठी जग जाळलं, हे भयंकर असलं तरी समजतं. वाचकांनी एरेनला मूल दिलं, कारण त्यांना त्याच्यासाठी कारण हवं होतं.

इथे मला इरावती कर्वे आठवतात. ‘युगान्त’मध्ये त्यांनी शंका मांडली, की धर्मराजाचा बाप प्रत्यक्षात विदुर तर नसेल? यमधर्म आणि विदुर यांचा संबंध, नियोगाची रीत, विदुराने जन्मभर पांडवांची घेतलेली बाजू, आणि अखेरीस योगबळाने त्याचं धर्माच्या देहात शिरणं. महाभारतातच विखुरलेले धागे त्यांनी एकत्र आणले. तिथेही प्रश्न वरून पितृत्वाचा आणि आतून विदुराच्या वागण्याचा. फरक इतकाच, की इरावतीबाईंना खोडून काढायला व्यास पुढच्या महिन्यात नवं प्रकरण घेऊन येणार नव्हते.

या पितृत्वाच्या वादात एक गोष्ट मला खटकत राहिली. हिस्टोरिया ही या मालिकेतल्या सर्वांत धीट मुलींपैकी एक. एरेनला खाऊन टाक, असं सांगणाऱ्या सख्ख्या बापाला तिने उचलून आपटलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याने ठरवलेली भूमिका नाकारली होती. तीच राणी १०७व्या प्रकरणापासून पोट सांभाळत खुर्चीत बसून आहे. बाप कोण यावर हजारो पानं लिहिली गेली असतील, पण हे मूल तिला हवं होतं का, हे विचारणारे थोडे. अर्थात हा दोष वाचकांपेक्षा इसायामा यांच्याकडे जास्त जातो. तिच्याही मनाचा दरवाजा त्यांनीच लावून घेतला, आणि एरेनचा उघडला तसा तो पुन्हा कधी उघडला नाही.

एरेनचा दरवाजा उघडल्यावर काय निघालं? शेवटच्या प्रकरणात तो आर्मिनशी बोलतो. जगातली ८० टक्के माणसं मारली जाणार, उरलेल्यांना वाचवणारे वीर तुम्ही ठराल, म्हणून हे केलं, असं एक कारण तो देतो. पण आणखी खोदल्यावर कबूल करतो, की का ते मलाही माहीत नाही, मला ते करायचंच होतं. मिकासाचा विषय निघाल्यावर तर हा जगाचा संहारक लहान पोरासारखा रडतो: तिने दुसरा पुरुष बघू नये, मी मेल्यावर निदान दहा वर्षं तरी माझी आठवण काढावी.

वाचक भडकले. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्यासाठी उदात्त हेतू, गुप्त मूल, कालचक्राचे फेरे रचले होते, त्यांच्या पदरात ‘माहीत नाही’ पडलं. माझं मत विचाराल तर शेवटचं प्रकरण घाईत उरकलेलं आहे, तीन अंकांचा ऐवज त्यात कोंबलाय. पण ‘माहीत नाही’ हे उत्तर मला त्यातलं सर्वांत खरं वाटतं. एकोणीस वर्षांचा मुलगा, हाती अमर्याद ताकद, त्याच्याकडे याहून नेटकं उत्तर असतं तर तेच संशयास्पद वाटलं असतं. इसायामा यांचं स्वतःचं समाधान झालं नसावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲनिमेचा शेवटचा भाग आला तेव्हा एरेन-आर्मिनचं हे संभाषण बरंच बदललेलं होतं. आर्मिन आता मित्राचे आभार मानून थांबत नाही, पापातला आपला वाटाही मागून घेतो. एकाच प्रसंगाचे लेखकाच्या पसंतीचे दोन मजकूर झाले, त्यामुळे एरेनच्या हेतूवर वाद घालणाऱ्यांना आता दोन पोथ्या मिळाल्या आहेत.

दहा वर्षांच्या त्या मागणीचं पुढे काय झालं, हेही इसायामा यांनी धड सांगितलेलं नाही. जून २०२१ मध्ये ३४वा खंड निघाला, त्यात मासिकात नसलेली काही पानं होती. एरेनच्या थडग्यापाशी मिकासा येते, सोबत एक पुरुष आणि लहान मूल. सगळे पाठमोरे. केसांवरून तो त्यांच्या तुकडीतला ज्याँ, असं बहुतेकांचं म्हणणं. मिकासाने लग्नच केलं नाही, तो नुसता मित्र, असं उरलेल्यांचं. चेहरा पुन्हा एकदा दाखवलेला नाही, आणि या खेपेला पुढचा अंक यायचा नाही.

(पुढच्या भागात : ‘डिटेक्टिव्ह कोनान’मधल्या प्रेमळ प्राध्यापक आगासांवर वाचकांनी वर्षानुवर्षं घेतलेला संशय.)