वितळत्या बर्फाच्या काठावरील श्लेष्मकवके

पावसाळ्यात कुजलेल्या ओंडक्यावर कधी कधी पिवळसर, बुळबुळीत थर पसरलेला दिसतो व थोड्याच काळात त्याची भुकटीने भरलेली चिमुकली बोंडे होतात. हीच श्लेष्मकवके होत. नावात ‘कवक’ असले तरी ती बुरशी नव्हेत. त्यांचे नाते अमीबाशी अधिक जवळचे आहे. त्यांच्यापैकी एक गट उंच पर्वतांत, वसंत ऋतूत वितळणाऱ्या बर्फाच्या काठावर आढळतो. स्वित्झर्लंडमधील चार्ल्स मेलां (1868–1941) या शिक्षकाने जुरा पर्वतात या गटाचा पायाभूत अभ्यास केला.

हिवाळ्यात बर्फाचा जाड थर जमिनीवर दुलईसारखे काम करतो. त्याखालील माती फारशी गोठत नाही. तेथे या जीवांच्या अमीबासदृश पेशी जीवाणू खाऊन वाढतात. बर्फ ओसरू लागताच गवताच्या काड्यांवर व डहाळ्यांवर त्यांचे बीजुककोश तयार होतात. त्यांची उंची बहुधा एक-दोन मिलिमीटर असते.

अशा जातीची ओळख केवळ रंगावरून पटत नाही. लॅम्प्रोडर्मा वंशातील बीजुककोशांवर दिसणारी निळी-जांभळी झळाळी पातळ आवरणावर पडणाऱ्या प्रकाशामुळे निर्माण होते व ती अनेक जातींत सारखीच असते. म्हणून पूर्ण पक्व नमुना काडीसह उचलावा, सावकाश वाळवावा आणि काड्यापेटीसारख्या डबीत चिकटवून ठेवावा. डबीवर ठिकाण, उंची, तारीख व आधारद्रव्य यांची नोंद अवश्य करावी. त्यानंतर भिंगाखाली देठ, आकार व आवरण पाहावे. शेवटचा निर्णय मात्र सूक्ष्मदर्शकच देतो. बीजुकांचा व्यास, त्यांवरील काटे किंवा जाळी आणि आतील तंतूंची रचना ही निर्णायक लक्षणे होत. बीजुके साधारणतः 10 ते 15 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात. अपक्व नमुन्यात ही लक्षणे पूर्ण उमटलेली नसल्याने चुकीचे नाव पडण्याचा धोका असतो.

याचे एक उदाहरण बोलके आहे. लॅम्प्रोडर्मात गणल्या जाणाऱ्या काही जातींत तंतूंची टोके नसराळ्यासारखी रुंदावून आवरणाच्या तुकड्यांना घट्ट चिकटलेली असतात. या लक्षणाच्या आधारे फ्रान्समधील अभ्यासकांनी 2011 मध्ये ‘मेरिडर्मा’ हा स्वतंत्र वंश मानला. जुने नमुने नोंदींसह जपलेले होते, म्हणूनच ते पुन्हा तपासून त्यांना योग्य नाव देणे शक्य झाले.

या काटेकोरपणाचे महत्त्व आज वाढले आहे. हे जीव दीर्घकाळ टिकणाऱ्या बर्फावर अवलंबून असतात आणि वाढत्या तापमानामुळे अनेक पर्वतांवरील बर्फाचा काळ घटत आहे. कोणती जात कोठे होती हे निश्चित ठाऊक नसेल, तर ती नाहीशी झाल्याचेही कळणार नाही. नाव पुढे दुरुस्त करता येते. परंतु न जपलेला नमुना आणि न केलेली नोंद पुन्हा मिळविता येत नाही. शाळेच्या परिसरातील वनस्पती वा कीटक गोळा करतानाही विद्यार्थ्यांना हीच शिस्त लावणे उपयुक्त ठरेल.