पाळीच्या दिवसांत फळ का नको?

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन झालं की आम्ही अर्धा तास आरोग्यावर बोलतो. यंदा पाळीचा विषय काढला, तर नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, त्या दिवसांत आजी मला जांब खाऊ देत नाही. पोटात गोळा येतो म्हणते." मग एकेक बाई बोलू लागली. आंबट खाल्लं की अंगावरून जास्त जातं. केळं थंड. एरंडककडी गरम. सगळ्यांची यादी संपली तेव्हा खायला उरली फक्त भाकर आणि चहा!

भगिनींनो, रोजच्या जेवणात खातो ते फळ पाळीत खाल्ल्याने रक्तस्राव वाढतो किंवा पोट बिघडतं, याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. पाळीत गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटतं. त्या वेळी शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. आतड्यांवरही त्यांचा परिणाम होतो, म्हणून कुणाला मळमळतं, कुणाला ढाळ लागते. यात जांबाचा दोष नाही.

फळाने ही कळ थांबत नाही, हेही खरं. त्यासाठी पोट शेकावं, आणि फार दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. पण भाकर नकोशी होते तेव्हा एक केळं सहज पोटात जातं, थोडी ताकद येते. संत्र्यातून पाणी मिळतं. जांब आणि पिकलेली एरंडककडी पोट साफ ठेवतात. दुखणाऱ्या बाईला तेवढाही आराम मोठा असतो.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय आढळला. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. हा फरक मुख्यतः पाळीचाच. तरीही आपल्या घरात बाई सर्वांत शेवटी जेवते.

डाळिंब लाल, म्हणून रक्त वाढवतं, असा समज आहे. खरं तर डाळिंबात आणि सफरचंदात लोह अगदी कमी असतं. लोह मिळतं ते डाळी, चणे, तीळ आणि पालेभाज्यांतून. पण वनस्पतीतलं हे लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. तिथे फळ उपयोगी पडतं. 'क' जीवनसत्त्व सोबत असलं की हेच लोह जास्त अंगी लागतं. जेवणानंतरचा चहा मात्र ते अडवतो. म्हणून चहा तासाभराने प्यावा.

यासाठी महाग फळ लागत नाही. आठवडी बाजारातल्या जांबात 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपट असतं. आवळा तर त्याच तोडीचा. आर्वी, कारंजा, आष्टीकडे संत्रा आहे. बांधावर बोरं आहेत. काहीच नसेल तर वरणावर लिंबू पिळा. वेचणीला जाताना डब्यासोबत एक जांब ठेवा. घरी मटण किंवा कलेजी झाली तर त्यातलं लोह जास्त चांगलं लागतं, म्हणून पाळीतल्या मुलीला पहिल्यांदा वाढा.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. आणि एक गोष्ट आपल्या समाजाने विसरू नये. विदर्भात आपल्यात सिकलसेल बराच आहे. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, सांधे दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर आधी सिकलसेलची तपासणी करा. सिकलसेलचा आजार असेल तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. अशा मुलीने पाळीत पाणी भरपूर प्यावं, कारण पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं.

तासा-दोन तासांत पॅड किंवा कापड भिजत असेल, सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा चक्कर येत असेल, तर फळावर भागवू नका. दवाखाना गाठा.

बदल होतो, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवलं आहे. आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या २३ गावांत सेवाग्रामच्या डॉक्टरांनी किशोरींना पाळीविषयी शिकवलं. तयार पॅड वापरणाऱ्या मुली ५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेल्या. बोलल्याने कापड बदलतं, तर ताटही बदलेल.

आजीशी भांडायचं नाही. तिला तिच्या आईने सांगितलं, तेच ती सांगते. पण "बाहेरची", "शिवू नको" हे शब्द कुठून आले, ते आपल्याला ठाऊक आहे. ज्या विटाळाने आपल्या बापजाद्यांना पाणवठ्यापासून दूर ठेवलं, तोच विटाळ आपण पोरीच्या ताटाला कसा लावतो? बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. तथागतांनी तर केवळ परंपरेने आलं म्हणून काही मानू नका, स्वतः पडताळून पाहा, असं सांगितलं.

मग पडताळून पाहा. पुढच्या पाळीत मुलीच्या हातात एक जांब द्या, आणि आजीलाही अर्धा द्या.

जय भीम!