दोनशे पासष्ट आणि पाच नळ

राहुरी, राहाता, श्रीरामपूर पट्ट्यात कुठल्याही चारीच्या कडेला थांबा आणि समोरच्या फडाकडे बोट दाखवून विचारा, "कोणता ऊस?" बऱ्याचदा उत्तर येईल, "दोनशे पासष्ट." म्हणजे फुले २६५, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रातून आलेली जात. हा ऊस कुणी बी पेरून लावलेला नसतो. बेण्याच्या टिपऱ्या तोडायच्या, सरीत दाबायच्या, पाणी द्यायचं. टिपरीवरचा डोळा फुटतो आणि कोंब वर येतो.

तो कोंब म्हणजे आधीच्या उसाचं लेकरू नव्हे. तो तोच ऊस आहे. केव्हातरी एका बियाण्यातून उगवलेलं एकच रोप शास्त्रज्ञांनी निवडलं, त्याच्या टिपऱ्या केल्या, त्या टिपऱ्यांच्या टिपऱ्या झाल्या. लोणीपासून कोल्हापूरपर्यंत जिथे जिथे २६५ उभा आहे, तिथे जनुकांच्या हिशेबाने ते एकच रोप उभं आहे! हे पहिल्यांदा डोक्यात उजेड पडावा तसं कळलं, तेव्हा मी फडाच्या बांधावर उभा होतो, आणि पुढची काही मिनिटं मला त्या सळसळीची चक्क भीती वाटली.

अशा प्रतीला क्लोन म्हणतात, आणि या शब्दाचा जन्मही प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत झालेला नाही. १९०३ साली हर्बर्ट वेबर नावाच्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने फांदी, कंद, कलम लावून वाढवलेल्या झाडांसाठी तो सुचवला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ डहाळी. माणसाच्या बाबतीत तो रूढ केला जे. बी. एस. हाल्डेन यांनी, १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भाषणात. तोवर हाल्डेन भारताचे नागरिक होऊन भुवनेश्वरला राहायला आले होते. तेव्हा डाळिंबाची गुटी बांधणाऱ्या संगमनेरच्या माणसाने क्लोन म्हटल्यावर बिचकण्याचं काही कारण नाही. तो पिढीजात त्याच धंद्यात आहे.

आता कथेतल्या क्लोनकडे. मराठीत माणसाच्या क्लोनची प्रेमकथा लिहायची असेल, तर बहुतेकांच्या मनात पहिला येतो तो प्रसंग असा: तरुण शेतकऱ्याची बायको अकाली जाते, तो तिची एक पेशी जपून ठेवतो आणि तिला परत आणतो. वाचायला गोड वाटतं, पण यातलं एक गणित चुकलेलं असतं. क्लोन मोठा होऊन येत नाही, तो तान्हा येतो. नवरा तिशीत असेल, तर ती अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत तो साठीला टेकलेला असेल. मधल्या काळात तिच्या शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून त्यानेच सही केली असेल, तिला सायकल शिकवली असेल. ही प्रेमकथा होऊच शकत नाही, आणि व्हायलाही नको. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते: तिला आवडणारा मुलगा दारात येतो, आणि म्हातारा त्याच्याकडे बघत राहतो.

शिवाय ती परत आलेली कोण? २००१ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये पहिली क्लोन मांजर जन्मली. मूळ मांजर तिरंगी होती, पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी ठिपके. तिच्या प्रतीवर नारिंगीचा मागमूस नव्हता. मांजरीचा नारिंगी रंग एक्स गुणसूत्रावर बसलेला असतो, आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स मुका होतो. ज्या पेशीपासून प्रत काढली, तिच्यात नारिंगीवाला मुका होता आणि पुढेही मुकाच राहिला. जनुकं तीच, पण मांजर वेगळी दिसली. माणसात तर जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा जुळत नाहीत. गर्भात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्या रेघा उमटतात, तेव्हा जागा, दाब, हालचाल ज्याची त्याची असते. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा टेकवला, तर मूळ बाई आणि तिचा क्लोन यांची गफलत व्हायची नाही.

ते मशीन मला दमयंतीची आठवण करून देतं. महाभारतातली आणि रघुनाथ पंडितांनी मराठीत आणलेली नळ-दमयंतीची गोष्ट ही आपल्याकडची क्लोनची प्रेमकथाच आहे, असं माझं मत. (प्राचीन भारतात क्लोनिंग होतं, असं मी अजिबात म्हणत नाही. कल्पना होती, आणि तेवढंच पुरेसं थोर आहे.) स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण, यम हे चौघेही नळाचं रूप घेऊन बसतात. समोर पाच नळ. दमयंती देवांनाच शरण जाते, तेव्हा त्यांची लक्षणं तिला दिसू लागतात: देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली माळ टवटवीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. खऱ्या नळाची सावली पडलेली असते, माळ कोमेजलेली, अंगाला धूळ आणि घाम. ती धुळीने भरलेल्या माणसाला वरते. विज्ञानकथा लिहिणाऱ्याने हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा. चेहरा सारखा असला, तर ओळख पटवायला कोमेजणं लागतं.

उसाच्या पट्ट्यातली आणखी एक गोष्ट कथेला कामी येईल, आणि ती जरा अंगावर येणारी आहे. सगळा फड एकाच रोपाचा असला की रोगही सगळ्यांना सारखाच गाठतो. बेण्यातून काणी आणि गवताळ वाढ पुढच्या लावणीत जातात. डाळिंबाच्या बागेत तेल्या शिरला, की झाडामागून झाड त्याला सारखंच बळी पडतं. क्लोन नायिकेला, तिचा मूळ जीव कशाने गेला, हे कागदोपत्री ठाऊक असणार. आनुवंशिक आजार असेल, तर त्याची जोखीम तिच्याही अंगात आहे. लग्नाआधी हे मुलाला सांगायचं का? पत्रिकेतला मंगळ यापुढे फारच किरकोळ!

हे सगळं अजून कथेतच आहे. डॉली या क्लोन मेंढीच्या पद्धतीने माकडांचे क्लोन झाल्याचं चीनमधून २०१८ साली जाहीर झालं, पण माणसाच्या क्लोनला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत मनाई आहे. मनाईचं कारण आकड्यांतही दिसतं. डॉलीसाठी २७७ वेळा पेशी आणि बीजांड जोडावे लागले, त्यांतले २९ गर्भ तेरा मेंढ्यांमध्ये सोडले, आणि कोकरू जन्मलं एक.

आणि उसाचं प्रेम? तेही असतं. तुरा हे त्याचं फूल. पण तुरा आला की वाढ खुंटते, म्हणून आपला शेतकरी तो दिसताच कपाळाला आठ्या घालतो. फडातला ऊस जन्मभर ब्रह्मचारीच बरा! नवी जात मात्र तुऱ्यातूनच निघते. को ८६०३२ या जातीचे आईबाप को ६२१९८ आणि कोसी ६७१. त्यांचं लग्न कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने लावलं.

डॉलीचंही तसंच झालं. काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पोटी पांढऱ्या तोंडाची जन्मलेली ही जगप्रसिद्ध प्रत पुढे डेव्हिड नावाच्या वेल्श डोंगराळ मेंढ्याबरोबर राहिली. १९९८ मध्ये एक, पुढच्या वर्षी दोन, त्याच्या पुढच्या वर्षी तीन, अशी सहा कोकरं तिला झाली. त्यांतलं एकही डॉलीची प्रत नव्हतं.